जुनी स्पोर्ट्‌स कार रस्त्यात बंद पडते? पेट्रोल की करंट, हे आधी ठरवा

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की जमलेल्या चौघांत एकजण तरी छातीठोकपणे सांगतोच, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." मग बॉनेट उघडून पहिला हात कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागालाच लागतो. बिचारा कार्बोरेटर बहुतेक वेळा निर्दोष असतो. पेट्रोलची वाटणारी कितीतरी दुखणी शेवटी करंटची निघतात. आधी कार्बोरेटर खोलून बसलं, की मूळ दोष जागेवरच राहतो आणि नीट बसलेलं सेटिंग मात्र बिघडतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: पाना हातात घेण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूचा ते नक्की करायचं.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. ही ब्रिटिश टू-सीटर १९६२ ते १९८० या काळात बनली, पाच लाखांहून जास्त बनल्या, आणि तिचे पार्ट आजही मागवता येतात. पण तुमच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर असो की कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, पॉइंट (करंट जोडून-तोडून ठिणगी वेळेवर घडवणारे संपर्क), कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी) आणि कार्बोरेटरवर चालणाऱ्या कुठल्याही गाडीला तपासणीचा हाच क्रम लागू पडतो.

ठाणे-नवी मुंबईत दोन गोष्टींची भर पडते. खाडी इथे कुठूनच लांब नाही. कोलशेत असो, ऐरोली असो की सीवूड्स, खारी दमट हवा वायरच्या प्रत्येक जोडणीत शिरते. आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्याच्या दुपारी बॉनेटखाली जो उकाडा साठतो, त्याचा विचार इंग्लंडात गाडी आखताना कुणी केला नव्हता.

कामाला बसण्याआधी

मल्टिमीटर लागेल, पण त्याच्याबरोबर १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्पही ठेवा. वायरचे सगळे तार तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला खरा करंट लागतो, त्यामुळे तो मिणमिणतो आणि वायरचं पितळ उघडं पडतं. याशिवाय फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), एक चांगला जादा स्पार्क प्लग, दोन्ही टोकांना क्लिप असलेली लांब वायर, बारीक पॉलिश पेपर, झाकणाची काचेची बाटली आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर.

पेट्रोलचं काम सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साठून राहते, आणि शेजारच्या स्कूटरचा एक स्टार्टही तिला पुरतो. गाडी ढकलून उघड्यावर आणा, वॉचमनला सांगून ठेवा, आणि पेट्रोलचा पाइप सोडण्याआधी बॅटरीची एक वायर काढा.

पायरी १: कशी बंद पडली ते आठवा

फुकटात मिळणारा सर्वांत मोठा पुरावा हाच. गाडी व्यवस्थित चाललेली असताना बटण बंद केल्यासारखी एका क्षणात गप्प झाली, तर करंट बघा. आधी अडखळली, झटके दिले, चढावर ओढेनाशी झाली, चोक थोडा ओढल्यावर जरा बरी चालली आणि मग मेली, तर पेट्रोल कमी पडतंय. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि सिग्नलला उभं राहिल्यावर मरणं, हे पेट्रोल जास्त झाल्याचं लक्षण.

डॅशबोर्डवर इलेक्ट्रिक टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारं घड्याळ) असेल तर आणखी एक गोष्ट बघा. गाडी अजून गिअरमध्ये घरंगळत आहे, म्हणजे इंजिन फिरतंय, तरी टॅकोचा काटा एकदम शून्यावर आपटला, तर कॉइलला बॅटरीकडून येणारा (प्रायमरी) करंट तुटला. काटा इंजिनच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर इग्निशन स्विचपासून पॉइंटपर्यंतचा भाग बहुधा ठीक आहे. शेजारी बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, कारण ऐन वेळी चालवणाऱ्याचं लक्ष मागच्या ट्रककडे असतं.

पायरी २: तापलेली असतानाच तपासा

सगळ्यात छळणारी तक्रार ही: गाडी तापली की बंद, अर्धा तास उभी केली की चालू. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी निवते, मेकॅनिक किल्ली फिरवतो, ती लगेच सुरू होते आणि आपण खोटे पडतो. थंड गाडीत हा दोष सापडत नाही. बंद पडल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटंच कामाची.

हे लक्षण दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसतं. एक, कॉइल किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारी छोटी डबी) तापल्यावर आतून दगा देतो. दोन, पेट्रोल उकळतं. एमजीबीचा फ्युएल पंप मागे, उजव्या चाकाच्या पुढे गाडीखाली असतो आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे नळीत वाफ अडकणं कमी. पण तिचे एसयू कंपनीचे दोन्ही कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बाजूलाच बसवलेले आहेत, त्यामुळे गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळू लागतं. मधला उष्णतारोधक पत्रा कुणी काढून ठेवला असेल तर विचारूच नका. पद्मिनी आणि स्पिटफायरमध्ये पंप इंजिनवरच असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणून तिथे नळीत आणि पंपातच वाफ धरते. घाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले फियाटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा बाजूला घेऊन हॅझार्ड किंवा इंडिकेटर लावा आणि लगेच जादा प्लग काढा. एका सिलिंडरची वायर प्लगवरून ओढून या जादा प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग कार्बोरेटरपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला क्लिपने जोडा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हातात धरू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो. कुठे पेट्रोल ठिबकत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. निळसर, कडक, 'टक-टक' आवाज करणारी ठिणगी दिसली तर करंट बरा आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट, बारीक, चुकत-माकत येणारी किंवा अजिबात नसलेली ठिणगी, म्हणजे इथेच थांबा. बंद पडल्यावर कॉइलला हात लावून बघायची सवय अनेकांना असते. तिचा फारसा उपयोग नाही. चांगली कॉइलसुद्धा चांगलीच गरम होते.

पायरी ३: बॅटरी आणि अर्थिंग

किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक' वाजतं किंवा सेल्फ मरगळलेला फिरतो, तेव्हा बॅटरीवर लगेच खर्च करू नका. पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्या. तशी जात नसेल आणि सेल्फ तरी मंद असेल, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थ खराब.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी हाच परतीचा रस्ता. कुणी गिअरबॉक्स उतरवून चढवताना ती पट्टी लावायला विसरलं, की करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर शोध तिथेच संपला. पट्टीची दोन्ही टोकं सोडवा, खालचा रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आपल्याकडच्या हवेत हे काम दर पावसाळ्याआधी करण्यासारखं आहे.

इथेच एक इशारा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. त्यानंतर निगेटिव्ह अर्थ आला आणि बॅटरी चार्ज करायला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. बाजारातली बरीच जुनी गाडी मधल्या काळात कुणीतरी बदललेली असते, म्हणून पुस्तकावर विसंबू नका, बॅटरीकडे बघा. मोबाइल चार्जर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन उलट जोडलं तर ते जागच्या जागी जळतं.

पायरी ४: कॉइल ते पॉइंट

ब्रिटिश गाड्यांची बहुतेक वायरिंग लुकासची. अंधाराचा राजकुमार म्हणून या कंपनीची भरपूर टिंगल झाली आहे. मला विचाराल तर लुकासचे रंग मात्र अतिशय शहाणपणाचे आहेत. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेला पण किल्लीशिवाय मिळणारा, पांढरी म्हणजे किल्लीनंतरचा फ्यूजशिवायचा, हिरवी म्हणजे किल्लीनंतरचा फ्यूजमधून आलेला, आणि काळी म्हणजे अर्थ. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे (ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग, पॉइंट त्याच्याच आत असतात) जाते ती पांढरीवर काळी रेघ असलेली. मधे कुणा वायरमनने हाताला लागली ती लाल वायर घुसडली नसेल तर अर्धं काम रंगच करतात.

निगेटिव्ह अर्थची गाडी धरून चाललो आहे. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर मीटरची टोकं आणि कॉइलच्या खुणा उलट समजा. इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पांढऱ्या वायरवर जवळजवळ बॅटरीइतका व्होल्ट हवा (नंतरच्या काही गाड्यांत व्होल्ट उतरवणारी बॅलास्ट वायर असते, तिथे तो मुद्दामच कमी असतो). दुसऱ्या बाजूला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर, पॉइंट मिटलेले असताना जवळजवळ शून्य आणि उघडल्यावर बॅटरीइतका. मिटलेले असूनही तिथे व्होल्ट दिसला तर पॉइंट काळे पडलेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थ तुटली आहे. हे सगळं झटपट करा. पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन चालू राहिली की कॉइल विनाकारण भाजते.

पांढऱ्या वायरवर व्होल्टच नसेल तर लांब वायर काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट कॉइलच्या पांढऱ्या टर्मिनलवर जोडून सेल्फ मारा. गाडी सुरू झाली तर दोष इग्निशन स्विच किंवा त्याच्यामागच्या जोडणीत. घरी पोचण्यापुरता हा उपाय चालतो, पण लक्षात ठेवा, आता किल्ली काढून गाडी बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल. बॅलास्टवाल्या गाडीत असं फार वेळ चालवू नका.

पॉइंटची फट एमजीबीत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या उंच टोकावर असताना मोजायची. एका पॉइंटवर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा पडला असेल तर कंडेन्सर संशयित. नवा कंडेन्सर बसवतानाही जुना चालता असेल तर फेकू नका, हल्ली मिळणाऱ्या नव्यांचा दर्जा फारच खाली-वर आहे. रोटरचंही (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) तेच. मधल्या रिव्हेटमधून ठिणगी खाली शाफ्टमध्ये उतरणारे रोटर सर्रास विकले जातात.

नेरुळच्या एका परिचितांची एमजीबी पाम बीच रोडवर वेग कमी-जास्त केला की झटके देऊन बंद पडायची. कार्बोरेटर ओव्हरहॉल झाले, पंप नवा आला, टाकी धुतली. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या बोटभर वायरीत. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सने ठिणगीची वेळ बदलताना पॉइंटची प्लेट सारखी मागे-पुढे फिरते, आणि तिच्याबरोबर ही कापडी आवरणाची मऊ वायर वाकत राहते. वर्षानुवर्षं वाकून आतले तार तुटले होते, वरचं आवरण मात्र अगदी शाबूत. चिमट्याने हलकेच ओढल्यावर ती रबरासारखी लांबली, तेव्हा कळलं. गाडी उभी असताना प्लेट जागेवर, तुटकी टोकं एकमेकांना टेकलेली, सगळं ठीक. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की प्लेट फिरली, टोकं सुटली. तुमच्या गाडीत अशी वायर बदलायची वेळ आली तर साधी घरगुती वायर वापरू नका, तिथे अनेक बारीक तारांची लवचीकच लागते.

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरूच होत नसेल, तर वरचं सगळं करण्याआधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून कोरड्या सुती कपड्याने पुसा. बारीक काळी रेघ दिसली, केसासारखी, तर कॅप तडकली आहे आणि ती बदलायचीच.

पायरी ५: आता पेट्रोल

ठिणगी चांगली निघाली तरच इथे या. इग्निशन चालू करा आणि कान द्या. एमजीबीचा एसयू पंप आधी भराभर टकटकतो, मग मंदावतो आणि फ्लोटच्या वाट्या भरल्या की थांबतो. थांबतच नसेल तर तो हवा ओढतोय किंवा पेट्रोल कुठेतरी वाहतंय. काहीच आवाज नसेल तर पंपावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. टकटक सुरू झाली की पंपाच्या आतले पॉइंट झिजलेत असं समजा. घर गाठा, पण पंप उघडायला टाका. ठोकूनही गप्प असेल तर पांढऱ्या वायरवर आणि काळ्या अर्थवर टेस्ट लॅम्प लावा. चाकाच्या चिखलात राहणारी ती काळी वायर बऱ्याचदा गंजून हिरवी झालेली असते.

मग प्रवाह बघा. कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरा आणि दुसऱ्याला इग्निशन चालू करायला सांगा. या चाचणीला बॅटरी जोडलेली लागते, म्हणून आधी कॉइलची पांढरी वायर काढून ठेवा आणि इंजिन गार असू द्या. मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी आलं तर चढावर पेट्रोल कमी पडणार. प्रवाह सुरुवातीला जोरात आणि मग कमी होत गेला, तर टाकीचं झाकण उघडून बघा. 'स्स्‌' करून हवा आत गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय. झाकणाचं छिद्र किंवा व्हेंटची नळी साफ केली की काम झालं.

बाटलीतलं पेट्रोल लगेच ओतून टाकू नका. झाकण लावून तासभर स्थिर ठेवा. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२०, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. बाटलीत दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने झाकून ठेवणाऱ्यांनी हे जरूर बघावं. तळाशी काळे कण दिसले आणि बोटावर चोळल्यावर काळा डाग पडला, तर जुन्या रबरी नळ्या आतून विरघळतायत. बाहेरून नळी छान दिसते, म्हणून फसू नका. बदलताना इथेनॉलला टिकणारी, अंगावर 'एसएई जे३० आर९' छापलेली नळी घ्या.

कार्बोरेटरची पाळी सर्वांत शेवटी. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या आतला पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. तो 'टक' असा खाली पडायला हवा. घासत किंवा अडखळत आला तर स्वच्छ करा किंवा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) मध्यावर आणा. वरच्या डॅम्परमध्ये एसएई २० तेल हवं. ते संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर गाडी क्षणभर गचकते, आणि लोक त्यासाठी पॉइंट बदलत बसतात. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही. वाटीवर मुठीने ठोकून कण निघाला तर ठीक, नाहीतर निडल-सीट नवी.

प्लगचा रंग बिस्किटासारखा असेल तर मिश्रण बरोबर. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. ई२० मुळे मिश्रण जरा पातळ पडतं, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच. एचएस जातीच्या एसयूमध्ये जेटचा षटकोनी नट एक-दोन कडा खाली फिरवला की फरक कळतो. दोन्ही कार्बोरेटरना सारखाच.

पायरी ६: फ्यूज आणि दिवे

फ्यूज दिसायला चांगला असतो आणि तरी वायपर रडत चालतात. दोष क्लिपमध्ये असतो. गाडी थोडी चालवून फ्यूजच्या टोकांना हात लावा. कढत लागलं तर क्लिपवर गंज आहे, घासा आणि चिमट्याने आवळा.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. लुकासच्या फ्यूजवरचा ३५ अँपिअर हा आकडा तो वितळण्याचा आहे. सतत वाहायला तो १७ अँपिअरचाच. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा ३५ चा काचेचा फ्यूज सतत ३५ सोसतो, म्हणजे फ्यूज राहील आणि वायर पेटेल. १५ किंवा २० चा घ्या. उजवा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचा पार्किंग दिवाही लुकलुकतो, अशा भुताटकीचं कारण जवळजवळ नेहमी उजव्या इंडिकेटरच्या होल्डरची गंजलेली अर्थ असते.

चार्जिंग बघताना अल्टरनेटरची गाडी जरा रेस करून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. डायनॅमोची गाडी आयडलिंगला चार्ज करतच नाही, लाल दिवा मिणमिणतो आणि तो दोष नव्हे. मात्र माजिवड्याला तासभर हेडलाइट-वायपर लावून अडकलात तर बॅटरी उतरणारच.

पायरी ७: एकेक बदल, मग चाचणी

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फिरवून आणा. पाच पार्ट एकदम बदलले की गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि नव्यांपैकी एखादा खराब निघाला तर डोकं धरून बसायची वेळ येते. चाचणीला आधी रविवारी पहाटेचा पाम बीच रोड घ्या. वेग स्थिर ठेवता येतो, लगेच बाजूला घेता येतं. तिथे दोष दिसला नाही तर गायमुखचा चढ, आणि तोही दिवस तापल्यावर. जुना कंडेन्सर, रोटर, पॉइंट चालते असतील तर कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून डिकीत टाका, सोबत एक स्क्रू ड्रायव्हर आणि ती लांब क्लिपवाली वायर.